मे गुस्ता म्हणजे 'मला आवडतं'

स्पॅनिश शिकायला लागलं की पहिल्या काही दिवसांतच 'मे गुस्ता एल चिले' हे वाक्य भेटतं, म्हणजे मला मिरची आवडते. इंग्रजी बोलणाऱ्यांची इथे हमखास गडबड होते, कारण त्यांच्या वाक्यात कर्ता असतो माणूस आणि इथे कर्ता आहे ती मिरची. आपल्याला यात काहीच नवीन नाही! मिरची आवडते, टाको आवडतात, क्रियापद मिरचीच्या नि टाकोच्या मागे जातं, तसंच तिकडे गुस्ताचं गुस्तान होतं. त आणि द सुद्धा आपल्यासारखेच, जीभ दातांना लावून. घाम फुटतो तो र घोळवताना, कारण साध्या र चं 'पेरो' म्हणजे 'पण' आणि घोळवलेल्या र चं 'पेरो' म्हणजे कुत्रा.

आता हे पुस्तकात कळतं, पण तोंडात बसायला त्या भाषेत राहावं लागतं, यालाच इमर्शन म्हणतात. 2009 मध्ये लिंक, क्रोल आणि संडरमन या संशोधकांनी स्पेनमध्ये राहून स्पॅनिश शिकणारे अमेरिकन विद्यार्थी आणि घरी राहून वर्गात शिकणारे विद्यार्थी यांची तुलना केली. एखादा विषय द्यायचा आणि वेळ संपेपर्यंत आठवतील तितके शब्द सांगायचे. स्पेनवाल्यांना स्पॅनिश शब्द जास्त आठवले हे ठीकच, पण चक्क स्वतःच्या इंग्रजीतले कमी आठवले! म्हणजे नवी भाषा सतत कानावर पडत असली की मेंदू जुनीला काही काळ मागे दाबून ठेवतो, असा त्यांनी अर्थ काढला. म्हणून तिकडे जाऊन आपल्याच लोकांत बसलात तर तिकिटाचे पैसे वाया, हे माझं स्पष्ट मत.

मेक्सिकोत राहायचं तर स्वयंपाकघरासारखा वर्ग नाही. आणि तिथे कळतं की आपण एक नाही, दोन भाषा शिकतोय, कारण 1521 मध्ये स्पॅनिश लोकांनी अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली तरी स्वयंपाकघरात त्यांची नाहुआत्ल भाषा टिकून राहिली. भाकरीच्या तव्यासारखा तो कोमाल, पाटा म्हणजे मेताते, दगडी खल म्हणजे मोल्काहेते, शिवाय चिले, तोमाते, आग्वाकाते म्हणजे अ‍ॅव्होकाडो, सगळी नाहुआत्ल. ती बोलणारे आजही सोळा लाखांच्या वर आहेत.

याच स्वयंपाकघरात निश्तामाल शब्द शिकता. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवायचा, मग दळून तोर्तिया करायच्या. चुना म्हणजे आपल्या पानाला लावतो तोच. त्याने साल सुटतं आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन, म्हणजे बी3 जीवनसत्त्व, शरीराला मिळू लागतं. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा पसरला, कातडी सोलवटणारा, शेवटी वेड लावणारा रोग. मेक्सिकोचा पारंपरिक स्वयंपाक 2010 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आला, त्यात हे ज्ञानसुद्धा आहे, नुसती चव नाही.

त्या घरातल्या आजी काही बोलल्या आणि कळलं नाही तर 'के?' म्हणू नका, ते 'काय?' सारखं तुटक वाटतं, तिथे 'मांदे?' म्हणतात, म्हणजे 'सांगा ना'.

आणि बाजारात चिकोसापोते दिसलं तर थांबा, तो आपला चिकू! झाड मूळचं तिकडचंच, नावही तिकडूनच आलंय. त्याच्या खोडाला खाचा पाडून पांढरा चीक काढायचे, तो आटवून च्युइंगगम करायचे. त्या चिकाला नाहुआत्लमध्ये त्सिक्त्ली म्हणतात, स्पॅनिशमध्ये चिक्ले. आपल्या 'चीक'शी त्याचं नातं नाही, निव्वळ योगायोग, पण घोलवडच्या वाडीत वाढलेल्या मुलाला हा शब्द पाठ करावा लागणार नाही.