खरी कोहिबा आणि काचेच्या झाकणातली कोहिबा

माझा एक मावसभाऊ मर्चंट नेव्हीत आहे. मागे कॅरिबियनमधल्या कुठल्याशा बंदरावरून घरी येताना त्याने क्युबाच्या कोहिबा सिगारची पेटी आणली. पंचवीस सिगार, प्रत्येकीवर पिवळी-काळी कागदी पट्टी आणि वर पारदर्शक झाकण, म्हणजे पेटी न उघडताच आतला माल दिसावा. "दुकानात हिला हात लावता येत नाही, मी शंभर डॉलरला पाडून घेतली," असं तो सगळ्यांना सांगत होता. मी पेटी हातातसुद्धा घेतली नाही. म्हटलं, दादा, ही खोटी आहे. पारदर्शक झाकणाची कोहिबाची पेटी क्युबातल्या कारखान्यातून निघतच नाही. तिथे पेटी लाकडी आणि झाकणही लाकडीच. काच फक्त पर्यटकाला भुरळ घालायला असते.

नकला मारायला सगळ्यांना कोहिबाच का सापडते? १९६६ साली ही सिगार खास फिडेल कॅस्ट्रोसाठी आणि त्याने परदेशी पाहुण्यांना भेट देण्यासाठी वळली जाऊ लागली. हवानाच्या एल लागिटो कारखान्यात ती तयार व्हायची. बाजारात आली १९८२ मध्ये. त्यामुळे नावाभोवती आधीच एक वलय होतं. २०२२ मध्ये तिचे भाव जगभर हाँगकाँगच्या चढ्या भावाला नेऊन बांधले, तेव्हा ती आणखीनच आवाक्याबाहेर गेली. तिच्यातल्या बेहिके या वरच्या मालिकेतली एक सिगार आज शेकडो डॉलरला जाते. एवढा भाव मिळत असल्यावर खोटा माल बनवणारे गप्प कसे बसतील?

पारखायची सुरुवात सिगारपासून नाही, पेटीपासून करायची, तीही तळापासून. पेटी उलटी करून तळावर बोट फिरवा. खऱ्या पेटीवर 'हबानोस एस.ए.' (क्युबन सिगार विकणारी कंपनी), 'एचो एन कुबा' (क्युबात बनलेलं) आणि 'तोतालमेन्ते आ मानो' (संपूर्ण हाताने) हे शब्द तापलेल्या शिक्क्याने लाकडात डागलेले असतात. बोटाला खड्डा लागतो. नकली पेटीवर बहुतेकदा ते नुसते शाईने छापलेले, बोट सरळ घसरून जातं. डागलेल्या शब्दांशेजारी कारखान्याचा सांकेतिक शिक्का आणि महिना-वर्ष मात्र शाईचंच असतं. महिना स्पॅनिशमध्ये असतो. जानेवारीला 'ई-एन-ई', ऑगस्टला 'ए-जी-ओ'. तिथे इंग्रजी महिना दिसला तर पुढे बघायची गरजच नाही.

मग पुढच्या बाजूचा हिरवट सरकारी हमीपट्टा. ही पद्धत १८८९ पासूनची, म्हणजे क्युबावर स्पेनचं राज्य होतं तेव्हापासून. आजच्या पट्ट्यावर होलोग्राम आणि बारकोड असतो. हा बदल २०१० च्या सुमाराचा. इथे मला आवडणारी एक युक्ती सांगतो. पट्टा एकटा बघू नका, तळावरच्या तारखेशी ताडून बघा. तळावर २०१५ आणि पुढे बारकोड नसलेला जुन्या धाटणीचा पट्टा असेल, तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय. खोटा माल बनवणारे एकेक वस्तू हुबेहूब उतरवतात, पण त्यांचा आपसातला मेळ घालताना चुकतात. बारकोडचा आकडा हबानोस कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो, जरूर बघा. आकडा जुळला नाही तर विषय संपला. जुळला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका, कारण खऱ्या पेटीवरचा आकडा शंभर खोट्या पेट्यांवर छापायला कितीसा वेळ लागतो?

शिवाय पेटी अस्सल आणि माल दुसराच, हेही होतं. आपल्याकडे मे महिन्यात देवगडच्या पेटीतून कर्नाटकचा आंबा येतो, तसंच. म्हणून झाकण उघडायचंच.

झाकण उघडलं की खऱ्या पेटीत पहिल्यांदा डोळ्यात भरते ती शिस्त. कारखान्यात एक माणूस फक्त रंग जुळवायला बसलेला असतो. एका थरातल्या सिगारी जवळपास एकाच छटेच्या, डावीकडे किंचित गडद आणि उजवीकडे किंचित फिक्या. पट्ट्या एका उंचीवर, सगळ्यांचं तोंड समोर. नकली पेटीत एक तपकिरी, शेजारची हिरवट, तिसरी चॉकलेटी आणि पट्ट्या वर-खाली. मावसभावाच्या पेटीत दोन पट्ट्या चक्क पाठमोऱ्या होत्या! कोहिबाच्या पट्टीवर काळ्या भागात पांढऱ्या चौकोनांच्या ओळी असतात. खऱ्या पट्टीवर चौकोन रेखीव, अक्षरं बोटाला उठावदार लागणारी. त्याच्याकडच्या पट्टीवर वरची ओळ अर्ध्यात कापलेली, आणि पिवळा रंग झेरॉक्सच्या दुकानातल्या रंगीत प्रिंटसारखा.

शेवटी सिगार. सोलापूर-सिन्नरकडे विड्या वळताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. विडीत तंबाखूचा चुरा भरतात. कोहिबाच्या पोटात चुरा नसतो, टोकापासून टोकापर्यंत लांब, घडी घातलेली पानं असतात. पेटवायच्या टोकाकडून बघितलं की पानांच्या वळ्या दिसतात. तोंडात धरायच्या टोकावर पानाची टोपी बसवलेली असते आणि तिचे बारीक गोल सांधे नीट बघितले तर मोजता येतात. आम्ही ब्लेडने एक सिगार उभी चिरली. आतून भुगा सांडला, त्यात देठाचे तुकडे. वास ओल्या पुठ्ठ्याचा. एस्प्लेंदिदोस (कोहिबाचा एक लांब प्रकार) म्हणून विकलेली ती सिगार फूटपट्टीवर १७० मिलिमीटर भरली, खरी १७८ ची असते.

हवानाच्या रस्त्यावर विकणाऱ्याची गोष्ट ठरलेली असते. काका कारखान्यात आहे, कामगारांना सिगार मिळतात, किंवा आज एकच दिवस सहकारी संस्थेची सवलत आहे. यातलं एक वाक्य खरं आहे, कामगारांना स्वतः ओढायला सिगार मिळतात. पण त्या पट्टी-पेटी-होलोग्रामसकट मिळत नाहीत. खरा माल सरकारमान्य दुकानांत, त्यातही 'ला कासा देल हबानो' या साखळीच्या दुकानांत, पावतीसह मिळतो. पावती जपून ठेवा. क्युबाच्या विमानतळावर माल जास्त असेल तर ती विचारतात.

आता एक गोंधळ असा, की त्यात कोणी कोणाला फसवत नाही. दुकानात कोहिबा दिसते, पट्टीवर 'ओ' अक्षराच्या आत लाल ठिपका, पेटीवर डॉमिनिकन रिपब्लिक. ही नक्कल नाही. ही वेगळीच सिगार आहे. क्युबन माल अमेरिकेत बंद, तेव्हा जनरल सिगार या कंपनीने तिथे कोहिबा नाव नोंदवून घेतलं आणि स्वतःचा माल त्या नावाने काढला. नावावरून क्युबन कंपनीशी १९९७ पासून खटला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने ती नोंदणी रद्द करण्याचा निर्णय दिला. माँटेक्रिस्टो, पार्तागास, रोमिओ इ हुलिएता यांचेही असेच दोन-दोन अवतार आहेत, कारण क्रांतीनंतर देश सोडलेल्या मालकांनी नावं सोबत नेली. अमेरिकेतल्या भाच्याने पुण्याला 'कोहिबा' पाठवली तर ती बहुधा लाल ठिपक्यावाली असेल. वाईट नाही, पण क्युबन म्हणून पाहुण्यांपुढे मिरवू नका.

भारतात घेणार असाल तर तपासणी उलट सोपी आहे. कायद्याने आयात सिगारच्या पेटीवरही ८५ टक्के जागेत चित्रासह इशारा लागतो, शिवाय आयातदाराचं नाव आणि एमआरपी. कोरी देखणी पेटी कोणी 'दुबईहून आलीय' म्हणून पुढे केली, तर ती चोरटी असेल किंवा खोटी. कित्येकदा दोन्ही.

मावसभावाने उरलेल्या चोवीस सिगारी ओढल्या नाहीत आणि टाकल्याही नाहीत, बरेच दिवस कपाटावर होत्या. पेटी मात्र वहिनीने दाराजवळ ठेवलीय. त्यात घराच्या, स्कूटरच्या आणि गच्चीच्या चाव्या असतात, आणि झाकण न उघडता कोणती कुठे आहे ते दिसतं.