ट्यूबलाइटखाली उलटं फिरणारं चाक

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एखाद्या जुन्या कारखान्यात, चोकवाल्या ट्यूबलाइटखाली, मागाच्या मोटरची पुली नीट बघा. मोटर मिनिटाला ९६० फेऱ्या घेतेय, पट्टा सुसाट पळतोय, आणि पुलीचे आरे मात्र रमतगमत उलटे चाललेत!

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. पुलीला ६ आरे असतील तर सेकंदाला ९६ वेळा एक आरा दुसऱ्याच्या जागी येतो. म्हणजे दर लखलखाटाला आरा किंचित मागे सापडतो. डोळा आपला तोच, संथ. करामत केली ती लुकलुकत्या उजेडाने, आणि तीच ती फेरी न चुकता घेणाऱ्या चाकाने.

इलेक्ट्रॉनच्या ढगाची हालचाल टिपायला शास्त्रज्ञ हीच युक्ती वापरतात. धातूवर लेसरचा तीव्र स्पंद (क्षणभराचा लखलखाट) आदळला की पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन उसळून बाहेर येतात. (शाळेत अणूभोवती काढायचो तो ढग वेगळा. हा खरोखरच बाहेर पडलेला, मोकळा.) सगळेच ऋणभारित, त्यामुळे एकमेकांना ढकलत पसरतात. मागे धातूत धनभार उरलेला असतो, तो त्यांना परत खेचतो. पुढचे काही निसटतात, बरेचसे माघारी कोसळतात. सारा खेळ काही पिकोसेकंदांचा. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. फेम्टोसेकंद त्याच्याही हजार पटींनी लहान. तेवढ्यात प्रकाशसुद्धा केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतका सरकत नाही.

१९३१ साली बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक (प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोताने बघणारा) उभारला, तेव्हा त्याचा झोत अखंड होता. पुढे अमेरिकेत कॅलटेकमध्ये अहमद झेवैल यांच्या गटाने लेसरच्या मदतीने या झोताचे अतिसूक्ष्म तुकडे पाडले; ट्यूबच्या लखलखाटाचं काम इथे हे तुकडे करतात. लेसरचा स्पंद दोन वाटांनी जातो: एक नमुन्यावर, दुसरा सूक्ष्मदर्शकाच्या इलेक्ट्रॉन-बंदुकीवर, म्हणजे जिथून झोतातले इलेक्ट्रॉन सुटतात तिथे. दुसऱ्याला थोडा उशीर करायचा तर वाटेतला आरसा सरकवतात. आरसा १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मागे घेतला की जाऊन-येऊन ३० मायक्रॉन वाढतात, आणि १०० फेम्टोसेकंदांचा उशीर होतो. मला विचाराल तर सगळ्या यंत्रात हा आरसाच भारी आहे.

एकेका स्पंदात इलेक्ट्रॉन मात्र जपून सोडावे लागतात, कधी कधी एखादाच. गर्दी झाली की तेही एकमेकांना ढकलतात आणि स्पंद फाकतो. मग लाखो वेळा तेच करून चित्र जमवायचं.

आता ढग दिसतो कसा? २०० किलोव्होल्टने पळवलेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे ७० टक्के वेगाने ढगाजवळून जातो. ढगातले भार हलत असतात, त्यांचं विद्युतक्षेत्र क्षणाक्षणाला बदलतं, आणि या पाहुण्याला कधी थोडी ऊर्जा मिळते, कधी गमवावी लागते. पलीकडे चुंबकीय लोलक त्याची ऊर्जा मोजतो. ऊर्जेतला हा फरक जागोजागी आणि वेगवेगळ्या उशिरांना नोंदवला की ढग कुठे, कधी, कसा सरकला याचा नकाशा तयार होतो. शेडमध्ये वारा दिसत नाही, पण उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू कुठे वळतात त्यावरून त्याची दिशा कळते, तसंच काहीसं.

मात्र दर वेळी ढग अगदी तसाच उठायला हवा. लेसर जास्त तीव्र झाला आणि धातूला खड्डा पडला, तर पुढचे ढग निराळे उठतात आणि चित्र विस्कटतं. पुलीचा एखादा आरा निखळून पडला, तर ती पडण्याची घटना त्या ट्यूबलाइटला पुन्हा दाखवता येणार नाही.