मेंदूतले व्हायरल इन्फेक्शन (प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांमधले)

एचआयव्ही, किडनी ट्रान्सप्लांट, केमो, किंवा महिनोन्‌महिने चाललेले स्टिरॉइड यामुळे प्रतिकारशक्ती खालावली की व्हायरस मेंदूत शिरतो, नाहीतर अंगात आधीच दबून बसलेला व्हायरस परत डोकं वर काढतो. सांगली-मिरजेला हा विषय जवळचा आहे, १८९४ पासून मिशन हॉस्पिटलमुळे मिरजेत पार कर्नाटकातून पेशंट येत आलेत आणि १९९० नंतर सांगली जिल्हा एचआयव्हीच्या बाबतीत राज्यात बराच वर होता.

सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय जेसी व्हायरसवर. त्याने होणाऱ्या पीएमएल (मेंदूतल्या मायलिनची नासधूस करणारा) आजाराचं वर्णन १९५८ ला आलं, व्हायरस हाती लागला १९७१ ला, हॉजकिन (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झालेल्या एका पेशंटच्या मेंदूतून. निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात तो असतोच, बहुतेक किडनीत, काही करत नाही. एचआयव्हीत सीडी४ (रक्तातल्या संरक्षक पांढऱ्या पेशींचा आकडा) साधारण २०० च्या खाली गेल्यावर मेंदूतलं मायलिन, म्हणजे नसांच्या तंतूंवरचं आवरण, खराब व्हायला लागतं, मग एक हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं, नजर जाते. आता तो मेंदूत कधी पोचतो यावर एकमत नाही, काहींच्या मते लहानपणापासूनच तिथे असतो, काहींच्या मते बी पेशींतून (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नंतर जातो, आणि लघवीत सापडणाऱ्या व्हायरसपेक्षा मेंदूतल्याची जनुकीय रचना बदललेली असते हे बघता दुसरं मत जास्त पटतं. भारतात पीएमएल कमी का दिसायचा यावरही वाद आहे, व्हायरसचा प्रकार वेगळा असं एक मत, पण एचआयव्हीचा पेशंट त्याआधीच टीबीने किंवा क्रिप्टोकॉकसने (एक बुरशीचं इन्फेक्शन) जायचा आणि एमआरआय व्हायचाच नाही हे कारण जास्त खरं वाटतं. जेसीवर थेट औषध नाही. २००४ पासून सरकारी एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) फुकट मिळतं, त्याने प्रतिकारशक्ती सुधारली तर आजार थांबू शकतो, कधीकधी मात्र सुरुवातीला मेंदूत सूज येऊन त्रास वाढतो.

हर्पिस सिम्प्लेक्सवर (ओठांवर फोड आणणारा व्हायरस, तो मेंदूतही जातो) असायक्लोव्हिर हे औषध आहे, शिरेतून, १४ ते २१ दिवस, आणि इथे उशीर झाला तर माणूस हातचा जातो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पेशंटला ताप कमी असू शकतो, मणक्यातल्या पाण्यात पेशीही कधीकधी वाढलेल्या नसतात, म्हणून घरचे "अशक्तपणाने बडबडतोय" म्हणून थांबतात, तसं अजिबात थांबू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत पीसीआर (मणक्यातल्या पाण्यात व्हायरस शोधणारी टेस्ट) निगेटिव्ह आला तरी संशय असेल तर औषध चालू ठेवून टेस्ट परत करतात.

सीएमव्ही (हर्पिसच्याच कुळातला व्हायरस) एचआयव्हीत सीडी४ ५० च्या खाली गेल्यावर त्रास देतो, औषध गॅन्सिक्लोव्हिर. कांजिण्यांचा व्हायरस नागीण उठल्यावर किंवा न उठताही मेंदूच्या रक्तवाहिन्या धरतो. गोवरानंतर काही महिन्यांत होणारा मेंदूज्वर मुख्यतः केमोवरच्या मुलांत दिसतो.