बाउसा, मारियो

(२८ एप्रिल १९११ – ११ जुलै १९९३). क्यूबन ताल व जॅझ यांच्या मिलाफातून घडलेल्या लॅटिन जॅझचा पाया घालणारे क्यूबन-अमेरिकन सॅक्सोफोनवादक, ट्रम्पेटवादक, रचनाकार व संगीत संयोजक. जन्म हवाना येथे. क्लॅरिनेटचे रीतसर शिक्षण घेऊन किशोरवयातच ते हवाना फिलहार्मोनिक वाद्यवृंदात वाजवू लागले. मात्र पुढे ज्या दोन वाद्यांवर त्यांचा चरितार्थ चालला, ती त्यांनी गुरूवाचून आत्मसात केली.

१९२६ मध्ये क्यूबन पियानोवादक आंतोनियो मारिया रोमेऊ यांच्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रणासाठी न्यूयॉर्कला गेले असता तेथील जॅझने ते भारावून गेले आणि त्याच ओढीने सॅक्सोफोनकडे वळले. क्लॅरिनेटप्रमाणेच सॅक्सोफोनही एकपत्तीचे (मुखाशी कंप पावणारी एकच पत्ती असलेले) वाद्य असल्याने हे संक्रमण तुलनेने सोपे होते. ट्रम्पेटची गोष्ट वेगळी. त्याला पत्ती नसते. अवघ्या तीन झडपा (व्हॉल्व्ह) आणि ओठांचा ताण यांवर सारे स्वर काढावे लागतात. तरीही १९३० मध्ये न्यूयॉर्कला स्थायिक झाल्यावर गायक आंतोनियो माचिन यांना ध्वनिमुद्रणासाठी ट्रम्पेटवादक हवा आहे असे कळताच बाउसा यांनी सुमारे दोन आठवड्यांत ते वाद्य वाजविण्याइतके साध्य केले.

१९३३ ते १९३८ या काळात ते जॅझ ड्रमवादक चिक वेब यांच्या वाद्यवृंदात होते व त्याचे संगीत दिग्दर्शकही झाले. नंतर जॅझ गायक व वाद्यवृंदप्रमुख कॅब कॅलोवे यांच्याकडे असताना तरुण ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांना तेथे प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी खटपट केली. जॅझ असा आतून ऐकल्यावर ते आपले मेहुणे, गायक माचितो यांच्या 'आफ्रो-क्यूबन्स' या वाद्यवृंदाचे संगीत दिग्दर्शक झाले. पितळी वाद्ये व सॅक्सोफोन यांची जॅझ पद्धतीची मांडणी त्यांनी क्यूबन क्लावेवर, म्हणजे दोन मात्रागटांत विभागलेल्या पाच आघातांच्या आवर्तनावर, उभी केली. १९४३ मधील 'तांगा' ही रचना अशीच घडली : पियानो व बेसवर चाललेल्या एका छोट्या आवर्तनावर त्यांनी तालमीत प्रत्येक वाद्यगटाचा भाग तोंडाने गाऊन दाखविला, असे सांगितले जाते.

लॅटिन जॅझच्या उगमाचे श्रेय पुष्कळदा गिलेस्पी व तालवादक चानो पोसो यांच्या १९४७ मधील सहकार्याला दिले जाते. ते सहकार्य मोलाचे खरेच. परंतु 'तांगा' त्याआधीची आहे, आणि पोसो यांची गिलेस्पींशी गाठही बाउसा यांनीच घालून दिली. त्यामुळे अग्रमान त्यांच्याकडेच जातो.

१९७०च्या दशकाच्या मध्यास ते माचितोंपासून विभक्त झाले. १९९०च्या दशकाच्या आरंभी स्वतःच्या वाद्यवृंदासह त्यांनी 'तांगा' दीर्घ रचनेच्या रूपात पुन्हा ध्वनिमुद्रित केली. न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.