पात्यावरचं नाव खरं कशावरून?

जपानी तलवारींच्या जाणकारांत एक म्हण आहे: कोतेत्सूची तलवार दिसली, तर ती खोटीच समजा. नागासोने कोतेत्सू हा सतराव्या शतकातला लोहार. आधी चिलखतं घडवायचा, पन्नाशीच्या सुमारास एदोला, म्हणजे आजच्या टोकियोत येऊन तलवारींकडे वळला. त्याच्या नावाला इतका भाव आला की दुसऱ्यांच्या पात्यांवर त्याचं नाव कोरण्याचा धंदाच सुरू झाला. अशा खोट्या नावाला जपानीत 'गिमेई' म्हणतात.

1945 मध्ये ब्रह्मदेश आणि मलायात जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी ब्रिटिश आणि भारतीय फौजांच्या स्वाधीन केल्या. पॅसिफिकमधून अमेरिकी सैनिकांनीही पुष्कळ नेल्या. आता त्या नातवंडांच्या हाती आल्या आहेत. मूठ काढली की आतल्या गंजलेल्या लोखंडावर अक्षरं दिसतात आणि पहिला प्रश्न येतो तो हाच: नाव कोणाचं? जाणकार मात्र नाव सगळ्यात शेवटी वाचतात. आधी पात्याचा बाक, पोलादाची वीण, पाणी देताना धारेजवळ उमटलेली पांढुरकी रेघ. यावरून काळ आणि लोहाराचं घराणं ठरवायचं, मग नाव त्याच्याशी जुळतं का ते बघायचं. लष्करी म्यानातलं पातं कारखान्यात निघालेलं असू शकतं, तसंच कुणाच्या घराण्यातलं चारशे वर्षांचं जुनंही.

मुठीत शिरणाऱ्या भागाला 'नाकागो' म्हणतात. तो कधी घासूनपुसून चकचकीत करत नाहीत, आणि खरी साक्ष तिथेच असते. छिन्नी लोखंड कापून काढत नाही, बाजूला सारते. नांगराच्या तासाला दोन्हीकडे माती चढते, तशी अक्षराच्या रेघेला दोन्हीकडे बारीक कड उचलली जाते. शेकडो वर्षं मूठ काढता-घालता ही कड झिजते, गंजते, बोटाला गुळगुळीत लागते. जुन्या गंजावर अलीकडे छिन्नी चालवली असेल तर कड धारदार राहते, तिच्यालगत गंजाचे टवके उडालेले दिसतात आणि रेघेच्या तळाचा रंग आजूबाजूशी जुळत नाही.

हा रंग लपवायला नकली नाव कोरणारे आम्ल आणि मीठ वापरत. त्याने गंज झटपट चढतो, पण तो तांबूस, भुसभुशीत असतो. सावकाश चढलेला गंज दाट, काळपट आणि लोखंडाला घट्ट धरून असतो. गंजावरून वर्षं मात्र मोजता येत नाहीत, कारण त्याचा वेग हवेतल्या ओलाव्यावर ठरतो. तरी साक्ष या गंजातच असते; म्हणून वारशात तलवार मिळालेल्याने नाकागोला पॉलिश पेपर लावला, की खऱ्याखोट्याचा पुरावाच पुसला जातो.

मला सगळ्यात आवडतो तो भोकांचा तर्क. मूठ अडकवायच्या खिळीसाठी नाकागोला भोक असतं. पुढे कुणाला तलवार आखूड करायची झाली, तर ती टोकाकडून नव्हे, नाकागोकडून कापली जाते आणि वर नवं भोक पाडलं जातं. यात मूळ नाव अर्धवट तुटतं किंवा पूर्ण जातं. आता नंतर पाडलेल्या भोकाला वळसा घालून अक्षरं नेटकी बसवलेली असतील, तर कोरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते भोक आधीच होतं, म्हणजे नाव नंतरचं, हे उघड आहे.

नाव कोणत्या अंगाला आहे, तेही बघतात. कमरेला लावल्यावर बाहेर दिसणाऱ्या अंगावर नाव कोरायची रीत. ताची ही जुन्या प्रकारची तलवार धार खाली करून लटकवत, नंतरची कताना धार वर करून खोचत, त्यामुळे दोघींची बाजू उलट. पण हिझेन प्रांतातल्या तादायोशी घराण्यातले लोहार कतानावरही ताचीच्या बाजूला नाव कोरत. नियम पाठ करणारा इथे हमखास फसतो.

अक्षराचं वळण यानंतर. नाकागोवर पातळ कागद ठेवून ठसा घेतात आणि तो खात्रीच्या ठशांशी ताडतात. कोतेत्सूच्या नावातलं 'वाघ' या अर्थाचं अक्षर आधी शेवटच्या फटकाऱ्याने वर उडायचं. साधारण 1664 पासून तो ते चौकटीसारखं कोरू लागला. त्याआधीच्या घडणीच्या पात्यावर चौकटीचा वाघ दिसला की शंका आलीच. उलट मासामुने हा जुना, फार नावाजलेला लोहार क्वचितच नाव घालायचा, म्हणून त्याचं ठसठशीत नाव असलेली लांब तलवार पाहून जाणकार खूश होत नाहीत.

प्रयोगशाळा इथे फारशी कामाला येत नाही. न्यूट्रॉनच्या झोतांनी पोलादाची आतली रचना पात्याला धक्का न लावता कळते. कोळशातून पोलादात आलेल्या कार्बनवरून वय काढता येतं, पण त्याला तुकडा कापावा लागतो आणि गेल्या तीनशे वर्षांसाठी ही पद्धत फार संदिग्ध उत्तर देते. शिवाय हे वय पोलादाचं. त्यावर नाव कधी कोरलं, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

गिमेई म्हणजे दर वेळी लबाडीच, असंही नाही. नजराण्यासाठी चांगल्या पण बिननावी पात्यावर मोठं नाव चढवलं जाई. गुरूच्या संमतीने शिष्याने कोरलेलं नाव तर अस्सलच धरतात. टोकियोत 1948 मध्ये स्थापन झालेली तलवार जतन करणारी संस्था खोट्या नावाच्या पात्याला सहसा प्रमाणपत्र देत नाही. मग काही मालक नाव कानशीने उडवून तेच पातं बिननावी म्हणून पुन्हा तपासणीला पाठवतात. मला हे घाईचं वाटतं. शिष्याच्या हाताबद्दल जाणकारांची मतं बदलतात, आणि कानस फिरल्यावर पुन्हा तपासायला नाव उरत नाही.