जुने एसएसएच सर्व्हर शोधण्यासाठी नेटवर्क स्कॅनिंग

नेटवर्कमधल्या कोणत्या यंत्रांवर दूरस्थ लॉगिनची सेवा चालू आहे, तिची आवृत्ती कोणती आणि तिच्यात जाहीर झालेली एखादी त्रुटी शिल्लक आहे का, हे लॉगिन न करता, बाहेरून जोडणी करून तपासण्याची पद्धत. आज हे काम मुख्यतः एसएसएच या कूटबद्ध दूरस्थ लॉगिनपुरते उरले आहे. टेलनेट (पासवर्डही उघडाच पाठवणारी जुनी सेवा) सापडलाच, तर आवृत्ती पाहत बसू नये, तो बंद करावा.

पार्श्वभूमी. एसएसएच १९९५ साली आले. त्याच्या पहिल्या प्रोटोकॉलमधला एक हल्ला ओळखण्यासाठी पुढे जादा कोड घालण्यात आला. २००१ मध्ये भोक सापडले ते नेमके त्याच कोडमध्ये: ३२ बिटांची संख्या १६ बिटांच्या चलात ठेवली जात होती. दुरुस्ती उपलब्ध होती, पण ती किती ठिकाणी बसली हे कळायला मार्ग नव्हता. मिशिगन विद्यापीठातील नील्स प्रोव्होस आणि पीटर हनीमन यांचे ‘स्कॅनएसएसएच’ हे नेटवर्कमधल्या एसएसएच सर्व्हरांच्या आवृत्त्या गोळा करणारे साधन त्याच काळातले.

बॅनर. टीसीपी जोडणी होताच सर्व्हर आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. ती जास्तीत जास्त २५५ अक्षरांची असते आणि त्यासाठी पासवर्ड किंवा किल्ली लागत नाही. सुरुवातीला ‘२.०’ असेल तर सर्व्हर फक्त दुसरा प्रोटोकॉल बोलतो. ‘१.९९’ म्हणजे पहिलाही चालतो, आणि असे यंत्र आधी हाताळावे. या ओळीच्या आधी सर्व्हरला इतर ओळी पाठवण्याची मुभा आहे, त्यामुळे फक्त पहिली ओळ वाचणारी घरगुती स्क्रिप्ट अधूनमधून फसते.

आवृत्तीचा घोळ. चुकीचे निष्कर्ष सर्वाधिक इथेच निघतात. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेली ‘रिग्रेशन’ त्रुटी (जाहीर त्रुटींच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७) ओपनएसएसएच या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एसएसएच सर्व्हरच्या ८.५पी१ पासून ९.८पी१ च्या आधीपर्यंतच्या आवृत्त्यांत, जीलिबसी ही सी लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर होती. २००६ साली बुजवलेले भोक नव्या फेरफारात पुन्हा उघडले होते. डेबियन १२ या लिनक्स वितरणात मूळ आवृत्ती ९.२पी१ च राहिली, दुरुस्ती त्या जुन्या आवृत्तीतच आणून बसवली गेली. बॅनरमध्ये फरक पडला तो शेवटच्या अंकाचा: ‘डेबियन-२+डेब१२यू२’ च्या जागी ‘डेब१२यू३’. नुसते ९.२ पाहणारा स्कॅनर दोन्ही यंत्रे धोकादायक ठरवतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये तेवढीही खूण नाही. पॅचच्या आधी आणि नंतर बॅनर ‘ओपनएसएसएच_८.७’ असाच दिसतो. अशा यंत्रावर आत जाऊन आरपीएम पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) सीव्हीई क्रमांक शोधणे हाच खात्रीचा मार्ग. बॅनर लपवून मात्र काही साधत नाही. हल्लेखोर बॅनर न पाहताही प्रयत्न करतो, फसतो तो आपलाच तपास.

प्रत्यक्ष काम. आधी लेखी परवानगी आणि पत्त्यांची निश्चित यादी घ्यावी. मग एनमॅप या पोर्ट-स्कॅनरने एसएसएचचा ठरलेला पोर्ट २२ तपासावा, सोबत २२२२ सारखे नेहमीचे पर्यायही. पोर्ट हलवून ठेवलेली यंत्रे बहुधा विसरलेलीही असतात. उघड्या पोर्टांवर बॅनर वाचावा, नंतर ‘एसएसएच-ऑडिट’ या साधनाने सर्व्हर देऊ करत असलेल्या कूटबद्धीकरण अल्गोरिदमांची यादी काढावी. डिसेंबर २०२३ च्या ‘टेरापिन’ त्रुटीसाठी तर ही यादी बॅनरपेक्षा उपयोगी, कारण तिच्यावरचा उपाय असलेल्या ‘स्ट्रिक्ट केईएक्स’चा (किल्ली-देवाणघेवाणीच्या कडक पद्धतीचा) पाठिंबा आहे की नाही हे तीत थेट दिसते. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत एका सबनेटचे (नेटवर्कच्या उपविभागाचे) सगळे पत्ते चाळणे अशक्य असते, तिथे डीएनएस आणि मालमत्ता-नोंदीतून यादी करावी. आयपीव्ही४ वर फायरवॉल चोख आणि आयपीव्ही६ वर सताड उघडा, असे नेहमी आढळते.

वेग बेताचा ठेवावा. ओपनएसएसएचमध्ये लॉगिन पूर्ण न झालेल्या जोडण्या १० झाल्या की नव्या जोडण्यांपैकी सुमारे ३० टक्के तोडायला सुरुवात होते आणि १०० ला सगळ्याच नाकारल्या जातात. हा पूर्वनिर्धारित हिशेब आहे. एकाच यंत्रावर एकाच वेळच्या जोडण्या वाढवल्या तर खरे वापरकर्ते बाहेर राहतात आणि अहवालात ‘बॅनर नाही’ अशी नोंद पडते. ९.८ पासून लॉगिन न करता वारंवार येणाऱ्या पत्त्याला सर्व्हर स्वतःच काही काळ दूर ठेवतो, म्हणून स्कॅनरचा पत्ता सवलतीच्या यादीत घालावा. प्रतिसादासाठी एकूण वेळमर्यादाही हवी. बॅनरच्या आधी थेंबथेंब ओळी सोडत राहणारे सापळे स्कॅन तासन्‌तास अडकवतात.

दुरुस्ती. पॅकेज अद्ययावत केल्यावर सेवा पुन्हा सुरू करावी. ९.८ मध्ये सर्व्हरचे काम वेगवेगळ्या बायनरींत विभागले गेले, त्यामुळे रीस्टार्ट राहिल्यास नव्या जोडण्या लागत नाहीत असे घडले आहे. म्हणून चालू सत्र बंद करण्याआधी दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन करून पाहावे. पॅच लगेच शक्य नसेल तर ‘रिग्रेशन’साठी लॉगिनग्रेसटाइम (लॉगिन पूर्ण करण्याची मुदत ठरवणारी सेटिंग) शून्य, म्हणजे अमर्याद, करता येतो. मात्र मग अर्धवट जोडण्या आपोआप तुटत नाहीत आणि त्यांनीच सर्व्हर भरून टाकता येतो. ज्यांच्या उत्पादकाने अद्यतने थांबवली आहेत असे राउटर, कॅमेरे, स्विच यांचा एसएसएच पोर्ट फक्त जंप होस्टवरून (प्रवेशासाठी नेमलेल्या मधल्या यंत्रावरून) पोहोचता येईल असा बंदिस्त करावा.