दोन खंजीर आणि एक टोपी

चार ग्रॅमही न भरणारं चांदीचं नाणं, आपल्या रुपयाहून आकाराने जरा लहानच. एका बाजूला दोन खंजीर, त्यांच्या मधोमध टोपी आणि खाली ‘इड मार’ ही अक्षरं. म्हणजे ‘मार्चचे इडीज’, १५ मार्च. इ.स.पू. ४४ मध्ये याच दिवशी सिनेटच्या बैठकीत ज्यूलियस सीझरला भोसकून मारलं. टोपीलाही अर्थ आहे. रोममध्ये गुलाम मुक्त झाला की त्याच्या डोक्यावर अशी टोपी चढायची. अक्षरओळख नसलेल्या शिपायालाही कळावं: हा खून नव्हे, रोमची सुटका आहे.

नाणं पाडलं सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसनं, इ.स.पू. ४३-४२ च्या सुमारास. सैन्याचे पगार द्यायचे होते, म्हणून टांकसाळही छावणीबरोबर फिरायची. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा धरून हातोड्याचा एक घाव. हात जरा हलला की अक्षरं नाण्याबाहेर गेलीच म्हणून समजा.

आता नाणं उलटा. तिथे ब्रूटसचं स्वतःचं तोंड! नाण्यावर देव चालत, वाडवडील चालत. जिवंत माणूस मात्र रोमच्या रिवाजात बसत नव्हता. सीझरनं तो रिवाज खुनाच्या वर्षीच, जेमतेम काही आठवडे आधी मोडला होता. याच ब्रूटसनं इ.स.पू. ५४ च्या सुमारास टांकसाळीचा अधिकारी असताना राजांना हाकलून देणारा आपला पूर्वज नाण्यावर मिरवला होता. पण पगार कोण देतो हे शिपायाला दिसायलाच हवं, तिथे तत्त्वाला कोण विचारतो!

फिलिपीच्या लढाईत ब्रूटस संपला. जिंकलेल्यांपैकी सीझरचा दत्तक मुलगा ऑक्टेवियन, म्हणजे पुढचा सम्राट ऑगस्टस, या खेळात सगळ्यांचा बाप निघाला. मेलेल्या सीझरला देव ठरवलेलं, म्हणून नाण्यांवर हा ‘देवाचा पुत्र’. इजिप्त घेतल्यावर एक मगर आणि ‘इजिप्त जिंकला’ एवढेच शब्द. पंचाहत्तरी ओलांडून गेला, नाण्यावर मात्र तरणाबांडच राहिला.

रोमची अशी चांदीची नाणी, म्हणजे डेनारियस, गुजरातच्या भडोच बंदरातून आपल्याकडेही येत. इथल्या राजांनाही हे तंत्र शिकवावं लागलं नाही. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप म्हणजे शक राजा नहपान याची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चिन्हं ठोकलेली आहेत. नवं नाणं पाडण्याऐवजी शत्रूच्या तोंडावरच छाप! काहींवर त्या छापाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो.